कानसेनांचा स्विच

टेलिफोन खात्याच्या दुरुस्ती विभागात बत्तीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना कानसेन हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही. ते त्यांना इतकं आवडलं, की त्यांचं खरं नाव पुढे पगाराच्या कागदापुरतंच उरलं. नुसत्या रिसीव्हरच्या खरखरीवरून ते सांगायचे, की पाणी खांबावरच्या डब्यात शिरलंय की जमिनीखालच्या जोडात. दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळी काय व्हायचं ते ते सांगत नसत, आणि दुसरं कुणी सांगायला लागलं तर चहा मागवत.

निवृत्त झाल्यावर कान रिकामे राहिले. मग ते शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून, "तुमच्या फ्रिजचं काही खरं नाही, महिनाभर काढेल," असली भाकितं करू लागले. लोक फ्रिजपेक्षा त्यांनाच घाबरायला लागले. त्यांची बायको म्हणायची, "जगातली सगळी खरखर ऐकू येते ह्यांना. मी स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तर एक पोचेल तर शपथ." थोडक्यात, माणूस वाईट नव्हता. पण ज्याला आयुष्यभर एकाच गोष्टीबद्दल शाबासकी मिळाली, त्याला ती गोष्ट स्वतःची जहागीर वाटायला लागते, तसं त्यांचं झालं होतं.

अशा वेळी वाचनालयाने त्यांना बोलावलं. तिथे दुसऱ्या मजल्यावर अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार होत. पाच-सहा मंडळी फावल्या वेळात येऊन मोठ्याने वाचायची, एक जुना कॉम्प्युटर ते साठवून ठेवायचा. यंत्रांची देखभाल करायला कुणीतरी हवं होतं. कानसेन पहिल्याच दिवशी टेबलावर हत्यारांची पिशवी ठेवून म्हणाले, "आता काळजी सोडा." त्यांना असली वाक्यं पाठ होती.

त्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची होती आणि तिच्यावर तपासनीसबाई बसत. बाई जन्मापासून अंध. ध्वनिमुद्रण झालेलं प्रत्येक पुस्तक बाहेर जाण्याआधी त्या हेडफोन लावून अथपासून इतिपर्यंत ऐकत आणि चुका ब्रेलमध्ये टोचून ठेवत. एकोणीस वर्षं हेच काम. वाचणाऱ्याने दोन पानं एकदम उलटली तर त्यांना कळे. वाचणाऱ्यांपैकी भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांचा आवाज मोठा खर्जातला, आणि त्या आवाजाचा त्यांना अभिमानही तेवढाच. बाईंनी त्यांना एकदा शांतपणे सांगितलं होतं, "मास्तर, सातव्या प्रकरणात तुमच्या पोटात गुरगुरलंय. जेवून आलात तर बरं." तेव्हापासून मास्तर जेवून येत, आणि बाईंना बिचकून असत.

महिनाभराने बाईंनी कानसेनांना हाक मारली. "दोन वाक्यांच्या मध्ये एक बारीक शिटी येते हो. वाचणारा थांबला, की ती डोकं वर काढते. ऐकणाऱ्याला आठ-आठ तास ऐकायचं असतं, त्याचं डोकं उठेल."

कानसेनांनी हेडफोन लावला, आवाज वाढवला, आणि त्यांना शिटी ऐकू आली. खरं सांगायचं तर बाईंनी सांगितल्यावर ऐकू आली. हा फरक त्यांनी त्या दिवशी मनावर घेतला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

रोग त्यांना लगेच कळला, आणि तो त्यांनी ग्रंथपालांना अगदी सोपा करून सांगितला. कॉम्प्युटरच्या आत आवाजाचं काम करणारं साउंड कार्ड असतं. त्याला वीज मिळते ती कॉम्प्युटरच्याच पेटीतून, जिच्यावर बाकीचीही सगळी यंत्रं जगतात. "एका टाकीवर दहा नळ असले की काय होतं? खालच्याने बादली लावली की वरच्याची धार बारीक. तसं हे. बाकीची यंत्रं वीज ओढतात-सोडतात, त्याची थरथर आवाजात उतरते. कार्डाला त्याची स्वतःची टाकी द्यायची. बाहेरून, वेगळा ट्रान्सफॉर्मर, वेगळी स्वच्छ वीज. शिटीचं नाव उरणार नाही." ग्रंथपाल भला माणूस. त्याला नळापर्यंतच समजलं, पण त्याने मान डोलावली.

पुढचे तीन आठवडे कानसेनांच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. ट्रान्सफॉर्मर, तारांची भेंडोळी, कथलाचे थेंब, आणि त्या सगळ्याच्या मधोमध उघडं पडलेलं साउंड कार्ड. दोघं नवरा-बायको ताटं मांडीवर घेऊन जेवत. काम मात्र त्यांनी झकास केलं, त्यात शंका नाही. कार्डाला वीज आणणारी वाट त्यांनी नाजूक हाताने तोडली आणि मध्ये एक छोटा स्विच बसवला. स्विच एका बाजूला केला की कॉम्प्युटरची वीज, दुसऱ्या बाजूला केला की बाहेरच्या खोक्यातल्या ट्रान्सफॉर्मरची. खरं म्हणजे स्विचची काहीच गरज नव्हती. सरळ खोक्याची वीज जोडली असती तरी भागलं असतं. पण मग लोकांना फरक कसा दाखवणार?

खोकं तयार व्हायच्या आधी स्विच चालतो का ते पाहायला त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंचे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, एका तारेच्या तुकड्याने जोडून ठेवले. तात्पुरते. म्हणजे स्विच इकडे असो की तिकडे, कार्डाला कॉम्प्युटरचीच वीज मिळायची. खोकं तयार झालं की तो तुकडा काढायचा आणि त्या जागी खोक्याकडून येणारी तार डाग देऊन जोडायची, असं ठरलं होतं. पाच मिनिटांचं काम. ते त्यांनी शनिवार संध्याकाळसाठी ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी खोक्याला निळा रंग दिला. तांबडा दिवा बसवला. मग बारीक कुंचल्याने स्विचच्या दोन बाजूंना अक्षरं काढली, एकीकडे 'स्वच्छ', दुसरीकडे 'अस्वच्छ'. पहिल्यांदा जोडाक्षर बिघडलं म्हणून पुसून पुन्हा काढलं. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आलंय. आता टेबल मिळेल का?" त्यांनी सगळं गोळा करून पिशवीत भरलं. तारेचा तुकडा होता तिथेच राहिला.

सोमवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर सगळी मंडळी जमली. ग्रंथपाल, भूगोलाचे मास्तर, वाचणारे आणखी तिघं-चौघं, आणि खिडकीपाशी बाई. तांबडा दिवा ऐटीत पेटला. मास्तर माइकपुढे बसून एक उतारा वाचत होते आणि तो कॉम्प्युटरमधून लगेच सगळ्यांना ऐकू येत होता. कानसेन कॉम्प्युटरमागे उभे राहिले आणि म्हणाले, "हे ऐका. हे अस्वच्छ." थोड्या वेळाने खटका वाजला. "आणि आता... हे स्वच्छ."

खोलीत एक सुस्कारा उमटला. "वा," ग्रंथपाल म्हणाले. "जमीन-अस्मानाचा फरक आहे." मास्तर तर हेलावूनच गेले. "माझ्या आवाजावरची धूळ कुणी झटकल्यासारखं वाटलं हो. ते 'पठार' कसं भरीव आलं." आणि इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. कानसेनांनाही फरक ऐकू आला. ते खोटं बोलत नव्हते. बत्तीस वर्षांच्या त्या कानांना शिटी गेलेली अगदी स्पष्ट ऐकू आली.

"पुन्हा करा," बाई हेडफोन नीट बसवत म्हणाल्या. "आणि आता न सांगता करा. कुठल्या बाजूला आहे ते बोलू नका."

कानसेन हसले. त्यांनी न सांगता केलं. इकडे, तिकडे, एकदा दोनदा खटका वाजवून पुन्हा तिथेच. दहा वेळा तरी केलं असेल. बाई मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "खटका वाजतो. शिटी बदलत नाही. दोन्हीकडे तीच आहे, तशीच."

मास्तर खाकरले. ग्रंथपालांनी कानसेनांकडे पाहिलं. आणि कानसेनांना घाम फुटला. त्या क्षणी त्यांनी मागचं झाकण उघडून बघायला हवं होतं. बत्तीस वर्षं गिऱ्हाइकाने तक्रार केली की ते आधी जोड तपासत. पण इथे गिऱ्हाईक नव्हतं, त्यांच्याच जहागिरीची दुसरी वाटेकरीण बसली होती, आणि सगळ्यांसमोर. ते पुढे झाले आणि अगदी मऊ आवाजात, समजावल्यासारखं म्हणाले, "बाई, पन्नाशी उलटली ना, की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. आणि ते गेले की त्यांच्या जागी कानात आपलीच एक शिटी वाजत राहते. आमच्या खात्यात किती जणांचं पाहिलंय मी. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

आवाज चढवून बोलले असते तर बाईंनी उत्तर दिलं असतं. पण मऊ बोलण्याला काय उत्तर देणार? त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. त्याच्या वायरीचा पीळ सोडवत थोडा वेळ बसल्या. मग म्हणाल्या, "असेल."

त्यानंतर बाईंनी शिटीचा विषय काढला नाही. हळूहळू त्यांनी बाकीचेही विषय काढायचं सोडलं. पूर्वी एका पुस्तकामागे चाळीस-पन्नास चुका टोचलेल्या असत, त्या दहावर आल्या, मग चारवर. एका कादंबरीत एक पान दोनदा वाचलेलं तसंच बाहेर गेलं आणि तक्रार आली. ग्रंथपालांनी हळूच विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "दोनदा ऐकू आलं होतं. पण म्हटलं, मलाच वाटत असेल." आठ दिवसांनी त्यांनी स्वतःहूनच काम सोडलं. निरोपाला चार माणसं बोलली. त्यात कानसेनही बोलले. बाईंच्या सेवेबद्दल, कानांबद्दल, आणि वयापुढे कुणाचं चालत नाही याबद्दल. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले. बाईंच्या जागी कॉलेजातली एक मुलगी आली. ती ऐकता ऐकता मोबाइल बघायची आणि सगळ्या पुस्तकांपुढे 'ठीक' लिहायची.

त्या सोमवारनंतर तीन महिन्यांनी एका मंगळवारी कानसेनांनी धूळ काढायला कॉम्प्युटर उघडला. खोलीत कुणी नव्हतं. कार्ड बाहेर काढून त्यांनी ब्रश फिरवला, आणि ब्रश एका ठिकाणी अडला. अर्ध्या बोटाएवढा लाल तारेचा तुकडा. स्विचच्या दोन्ही पायांना मिठी मारून बसलेला. आणि त्यांच्या निळ्या खोक्याची वीज मागच्या सॉकेटपर्यंत येत होती आणि तिथून पुढे कुठेच जात नव्हती. तीन महिने तांबडा दिवा नुसता शोभेला जळत होता.

त्यांचे कान तापले. आधी कान, मग चेहरा, मग मान. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. कानसेनांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मागे वळून दार बंद आहे का ते पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. मग त्यांच्या हातांनी, हो, हातांनीच म्हणायला हवं, कारण डोकं अजून जागेवर आलं नव्हतं, पिशवीतून सोल्डरिंगची काडी काढली, तो तुकडा सोडवला, आणि खोक्याची तार जिथे जायला हवी होती तिथे जोडली. पाच मिनिटं लागली.

झाकण लावून त्यांनी हेडफोन चढवला आणि स्वतःच माइकपुढे चार वाक्यं वाचून मुद्रित करून पाहिली. वाक्य संपलं, आणि पुढे काहीच नव्हतं. खोलीतली हवा, त्यांचाच श्वास, बस. मग त्यांनी गेल्या तीन महिन्यांतली पुस्तकं एकेक करून उघडली. प्रत्येकात शिटी होती. इतकी स्वच्छ ऐकू येत होती, की ती आपल्याला ऐकू येत नव्हती याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांच्या त्या कानांना, ज्यांच्यावर त्यांचं नाव उभं होतं. एका बाईने सांगितलं तेव्हा शिटी ऐकू आली होती, आणि स्विचवर 'स्वच्छ' लिहिलं तेव्हा ती ऐकू यायची बंद झाली होती. एवढीच त्या कानांची मजल.

आता गंमत बघा. तार जोडली गेली होती. शिटी खरोखर गेली होती. यापुढे कुणीही कॉम्प्युटर उघडला तरी त्याला चूक सापडली नसती. कानसेन सुटले होते. बुधवारी ते गप्प होते, गुरुवारी जेवले नाहीत, शुक्रवारी बायकोने समोर खुर्ची ओढली आणि विचारलं, "काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, शनिवारच्या रंगकामापासून. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझे कान कुणी काढून घेतले नाहीत."

"त्यांना सांगितलं तर आता काय होणार? जागा तर भरली."

"काय होणार ते तुम्ही ठरवू नका. मागे एकदा ठरवलंत तेवढं पुरे."

शनिवारी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. जिना चढताना तीनदा थांबले. दार बाईंच्या धाकट्या बहिणीने उघडलं. ओळख सांगितल्यावर तिचा चेहरा एकदम खुलला. "या ना, या. ताई आत आवरतेय. बरं झालं आलात, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते."

"आभार?"

बहिणीने त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि समोर बसली. "अहो, तुम्ही वेळेवर लक्षात आणून दिलंत म्हणून. ताई सगळीकडे एकटी जायची. हा खालचा एवढा मोठा रस्ता, तो ती नुसत्या आवाजावर ओलांडायची, कुणाचा हात धरायची नाही. लहानपणापासून. तुम्ही कानांचं सांगितलंत त्या दिवसापासून तिने बंद केलं. म्हणाली, 'मला रिकामा ऐकू येईल आणि नसेल रिकामा, तर?' आता घराबाहेरच पडत नाही म्हणा. नळ चालू राहिला का, ते मला विचारते, नाहीतर हात लावून बघते. पण जीव तर वाचला. नाहीतर एखाद्या दिवशी गेली असती गाडीखाली."

कानसेनांना कप खाली ठेवायचा होता, पण बशीवर तो वाजेल म्हणून ते तसाच धरून बसले. आयुष्यात त्यांना पुष्कळ शाबासक्या मिळाल्या होत्या. ही पहिलीच त्यांना परत करायची होती.

बाई आल्या. भिंतीला हात लावत आल्या. वाचनालयात त्या खोलीभर सरळ चालत, ते कानसेनांना आठवलं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी विचारलं, "कसे आहात? मास्तर बरे आहेत?"

"बाई, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं," कानसेन म्हणाले. इतकं बोलल्यावर बाकीचं आपोआप आलं. तार, तुकडा, रंग, दिवा. ते कुठे थांबले नाहीत आणि कुठे स्वतःच्या बाजूचं काही घातलं नाही. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

बाईंनी विचारलं, "कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"हो."

"आणि तार?"

"तेव्हाच जोडली."

"म्हणजे आता दाखवायलाही काही नाही. तुम्ही म्हणाल तेच खरं." बाईंचा आवाज चढला नव्हता. "तेव्हाही तेच होतं म्हणा."

कानसेनांनी खिशातून आगपेटी काढली. तारेचा तुकडा त्यांनी टाकला नव्हता. का ठेवला ते त्यांना सांगता आलं नसतं. तो त्यांनी बाईंच्या तळव्यावर ठेवला. बाईंनी तो बोटांनी लांबीभर चाचपून पाहिला, टोकांवरचं कथील नखाने खरवडून पाहिलं.

"एवढासाच?" त्यांनी विचारलं.

"एवढासाच."

"सोमवारी मी येईन," बाई म्हणाल्या. "बहीण आणून सोडेल. तुम्ही हे जे मला सांगितलंत ते तिथे सांगा. ज्यांच्यासमोर बोलला होतात त्यांच्यासमोर. इथे चार भिंतींत सांगून काय, इथे मला आधीही कुणी बहिरी म्हणत नव्हतं."

सोमवारी कानसेनांनी सांगितलं. त्याच खोलीत, त्याच मंडळींसमोर. बोलताना त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं ठरवलं होतं, पण ऐनवेळी घड्याळ बंद पडलेलं निघालं, मग ते खाली जमिनीकडे बघून बोलले. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता कुणीतरी चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. पण ग्रंथपाल म्हणाले, "जाऊ द्या हो. माणूस आहे, चुकायचंच. आणि तुम्ही कुठे काही वाईट बोललात?"

"मी त्यांना बहिरं ठरवलं."

"तसं नाही म्हणालात तुम्ही. वयाचं बोललात."

"तसंच म्हणालो," कानसेन म्हणाले.

भूगोलाचे मास्तर मात्र विचारात पडले होते. "पण काही म्हणा," ते म्हणाले, "मला तर त्या दिवशी फरक आला होता. ते पठार मला अजून आठवतं." यावर दोघं-तिघं म्हणाले, की आम्हालाही आला होता. तार जोडलेली नव्हती हे ऐकून घेऊनही आला होता. खोलीत पहिल्यांदा बाई हसल्या. थोडंसंच.

त्यांना त्यांची खुर्ची परत मिळाली. ती मुलगी आनंदाने उठली. बाईंनी हेडफोन लावला, सकाळचं मुद्रण ऐकलं आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, "शिटी गेलीय." मग थांबल्या, आणि मान वळवून विचारलं, "गेलीय ना?"

कुणीतरी म्हणालं, गेलीय, गेलीय. कानसेन कोपऱ्यात पिशवी आवरत होते. एकोणीस वर्षांत बाईंनी असं कधी कुणाला विचारलं नव्हतं, हे त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं की नाही कोण जाणे.

पाच वाजता बाई निघाल्या. बहिणीला त्यांनी न्यायला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सगळ्यांना वाटलं, छान झालं, गाडी रुळावर आली. कानसेन त्यांच्या मागून, दहा पावलं ठेवून, चप्पल न वाजवता चालत गेले. बाई काठी टेकत सरळ गेल्या, कोपऱ्यावर वळल्या आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. दोन गाड्या गेल्या. एक बस गेली. मग रस्ता रिकामा झाला. बाई उभ्याच. काठीचं टोक त्यांनी एकदा खाली ठेवलं आणि परत वर घेतलं. पुन्हा गाड्या आल्या, गेल्या. पुन्हा रिकामा झाला. बाईंची मान किंचित वाकडी होती, कान सगळा रस्ता ऐकत होते, आणि पाय उचलत नव्हता. असं किती वेळा झालं ते कानसेनांनी मोजलं नाही.

शेवटी बाई बाजूला वळून, कुणाला उद्देशून नव्हे असं, म्हणाल्या, "कुणी आहे का इथे? रस्ता रिकामा आहे का जरा सांगता?"

तिथे दुसरं कुणी नव्हतं. कानसेन पुढे झाले. "रिकामा आहे, बाई."

"तुम्ही होय," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नाही आणि बरंही वाटलं नाही, असा तो आवाज होता. "पण मला एक स्कूटर ऐकू येतेय. डावीकडून. की भास आहे माझा?"

कानसेनांनी डावीकडे पाहिलं. पार टोकाच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा होता. त्यांनी कान टवकारले. त्यांना काही ऐकू आलं नाही. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "मला ऐकूही येत नाही. पण तुम्हाला येतेय, तर असेल. आपण थांबू."

दोघं थांबले. कानसेनांना ते थांबणं फार लांबलं असं वाटलं. मग टोकाच्या वळणावरून एक स्कूटर आली, मागे सिलिंडर बांधलेली, आणि त्यांच्यासमोरून खडखडत निघून गेली. धूर जरा वेळ रेंगाळला. बाईंनी काठी खाली टेकवली, पण पाऊल टाकलं नाही.

"आली होती ना?" त्यांनी विचारलं.

"आली होती," कानसेन म्हणाले.